तेविसावी बोट

पेंडर्स कोव्ह
मंगळवार, सकाळ

प्रिय लितिया,

आपला रेडिओवाला बेव्हिन साडेनऊला होबार्टला निघतोय, कान दाखवायला. हे पत्र तो तुझ्या हातात देईल. आत्ता सात वाजून दहा मिनिटं झालीत आणि तेवढ्या वेळात मला ते लिहून संपवायचं आहे. परवा गुरुवारी चौकशी समिती पुन्हा बसते आहे. माझा भाऊ रॉयस सतरा तास समुद्रात पडून राहिला, कारण रेडिओच्या खोलीतल्या पडद्यावर त्याची बोट आलीच नाही. आणि ज्या ओळीमुळे ती आली नाही, त्या ओळीवर तुझं नाव आहे. गावाला एवढंच माहीत आहे. गुरुवारी समिती ते नाव अहवालात लिहिणार. मग लाटा मोजणाऱ्या त्या कचेरीतली तुझी नोकरी गेली आणि सप्टेंबरात तुझा इथे राहण्याचा परवानाही गेला, हे मला कळतं. तुला आधीच ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी मी या पत्रात सविस्तर लिहिणार आहे. कंटाळू नकोस. तसं का लिहिलंय ते शेवटी सांगते.

रॉयस घरी आलाय. डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरला म्हणाला, "बोटंच काढायची होती तर माझ्या बायकोला विचारायचं, ती बरीच वर्षं तयार आहे." नेरिडा हसली नाही. ती हल्ली हसतच नाही. रेडिओच्या खोलीत संगणकावर कापड टाकून ठेवलंय आणि आम्ही पुन्हा कागदाच्या वहीवर आलोय. बेव्हिन खूश आहे. त्याची शाई सगळीकडे लागते, कपाच्या कानालासुद्धा. तुझी खुर्ची कोणी हलवलेली नाही. बुधवारी मी तिथे जाऊन बसले होते. कापड सारून संगणकावर मदतीची पानं उघडली आणि बंद केली.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी साठीला टेकले होते आणि बोटींच्या सामानाचं दुकान विकून सहा महिने झाले होते. दिवसभर करायला काही नव्हतं. तू विद्यापीठातून इथे शेवाळाचा अभ्यास करायला आलेली, संध्याकाळी रेडिओवर मदत करायला यायचीस. बोटींची हजेरी पडद्यावर यावी म्हणून तू पायथन या संगणकाच्या भाषेत एक छोटी प्रणाली लिहीत होतीस आणि मी मागून बघत होते. मी म्हटलं, "मला शिकवतेस का?" तू म्हणालीस, "आंटी, भाषा महिन्यात येते. पण भाषेबरोबर तयार अवजारांचं जे भांडार येतं ना, स्टँडर्ड लायब्ररी, ती कळायला वर्षं जातात. लोक भाषा शिकतात आणि भांडार न बघताच घरी जातात." मला ते लगेच पटलं. तीस वर्षं मी हेच बघत होते. माणूस दुकानात यायचा, तार वाकवून घरी स्वतःच कडी बनवल्याचं कौतुकाने सांगायचा, आणि तीच कडी, त्याच मापाची, गंज न चढणारी, त्याच्या कोपराशेजारच्या खणात पडलेली असायची.

मग आपले बुधवार सुरू झाले. दर बुधवारी भांडारातला एक खण. तू पान मोठ्याने वाचायचीस, मी वापरून बघायची. मोजदाद करणारं अवजार आलं तेव्हा आपण बेव्हिनच्या वर्षभराच्या नोंदींत त्याने किती वेळा "राइटो" लिहिलंय ते मोजलं होतं. नऊशे बारा. शब्दांमधला फरक शोधणारं आलं, तेव्हा त्याने एकाच बोटीचं नाव किती तऱ्हांनी लिहिलंय ते काढलं. सात तऱ्हा. तो म्हणाला, "सातही वेळा बोट तीच होती ना? मग झालं तर." आणि चिठ्ठ्या टाकणारं आलं, तेव्हा तू म्हणालीस, चहा कोणी करायचा ते आता यंत्र ठरवेल. पाच आठवडे यंत्राने माझंच नाव काढलं. मी म्हणत राहिले, माझं नशीबच खोटं. सहाव्या आठवड्यात मी घरी एकटीने ते पान शेवटपर्यंत वाचलं. चिठ्ठ्यांना आधी एक ठरावीक आकडा दिला, तर दर वेळी त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमाने निघतात, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. मी तुला विचारलं तेव्हा तू टेबलाखाली डोकं घालून हसत होतीस. "आंटी, पान शेवटपर्यंत वाचा म्हणून किती दिवस सांगतेय!" मी त्या दिवशी तुला ओल्या फडक्याने मारलं होतं.

त्यानंतर तू नियम घातलास. खण उघडला की तीन गोष्टी करायच्या: वाचायचं, वापरायचं आणि मोडायचं. मोडून बघितल्याशिवाय कोणतंही अवजार रेडिओच्या प्रणालीत जाणार नाही. तुझा स्वभाव तसा गमत्या, पण या बाबतीत तू माझ्या जुन्या मास्तरणीपेक्षा कडक. "काय केलं की हे बिघडतं ते माहीत नसेल, तर हे आपलं नाही," असं म्हणायचीस.

आता हजेरीविषयी. आपल्याकडे बोटींना संध्याकाळी सहाला आणि सकाळी साडेसातला रेडिओवरून पुकारतात. तेवीस बोटी. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते. बेव्हिनच्या आधी जो रेडिओ सांभाळायचा त्याने ती तशी लावली आणि मग कोणी बदलली नाही. त्यामुळे सगळ्यात दक्षिणेला, उघड्या समुद्रात शेवंडांचे पिंजरे टाकणारी बोट नेहमी शेवटी येते. ती रॉयसची 'नॉर्मा डी'. बोटीने आपला ठावठिकाणा सांगितला की रेडिओवरचा माणूस तो एका ओळीत टंकतो. बोट बोलली नाही तर त्या ओळीत एक आडवी रेघ मारतो, नाहीतर पुढच्या सगळ्या बोटी एकेक घर वर सरकतील. मग प्रणाली दोन याद्या शेजारी ठेवते, एकीकडे नावं, दुसरीकडे ठिकाणं. ठिकाण असलं तर बोट हिरवी, नसलं तर लाल. लाल दिसली की दहा मिनिटांनी पुन्हा पुकारायचं, आणि तरी नाहीच बोलली तर बचावदलाला फोन.

ही जोडी लावायला तू चौदा ओळी लिहिल्या होत्यास. मला त्या कधी आवडल्या नाहीत. लांबलचक, प्रत्येक नावाशी थांबून विचारणाऱ्या: हिचं ठिकाण आलं का? ओळ तरी आली का? त्यांच्या डोक्यावर तू एक टीप लिहिली होतीस, "बेव्हिन शेवटी रेघ मारत नाही." मी ती वाचली होती. मला वाटलं, तू त्याची थट्टा केलीयस.

समितीपुढे पहिल्या दिवशी काय झालं ते तुला सांगायला नको, पण मी कुठे बसले होते ते तुला नीट दिसलं नसेल. क्लबच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत होते, आणि नेरिडाने माझा हात धरून ठेवला होता. बेव्हिनने आधी सांगितलं की सोमवारी संध्याकाळी 'नॉर्मा डी' बोलली नाही, त्याने दोनदा पुकारलं, मग यादी संपवून किटली ठेवायला गेला. परत येऊन बघतो तर पडद्यावर सगळं हिरवं. "लाल काही नव्हतं, बाईसाहेब. मला वाटलं मीच नीट ऐकलं नसेल. माझे कान हे असे. कागदावर मोकळी ओळ डोळ्यात खुपते हो. पडद्यावर जे नाही ते दिसणार कसं?" तो रडला नाही, पण टोपी हातात पिळत होता. मग तुला उभं केलं. अध्यक्षबाईंनी यंत्राच्या नोंदी पुढे ठेवल्या. रविवारी दुपारी चौदा ओळी काढल्या आणि एक घातली, तुझ्या नावावर. मंगळवारी सकाळी आठ वीसला, रॉयसचा शोध चालू असताना, ती एक ओळ काढली आणि चौदा परत घातल्या, तेही तुझ्या नावावर. त्यांनी विचारलं, "हे बदल तुमचे?" तू म्हणालीस, "नाव माझं आहे." त्या म्हणाल्या, "मी नाव नाही विचारलं." तू पुन्हा म्हणालीस, "नाव माझंच आहे," आणि आपल्या हातांकडे बघत राहिलीस. नेरिडा माझ्या कानाशी म्हणाली, "बघ मेझ, तोंड वर करत नाही. चूक केली ती केली, वर माझा नवरा पाण्यात असताना ही बया आपली चूक पुसत बसली होती." तिने माझा हात इतका दाबला की माझी अंगठी बोटात रुतली. मी गप्प बसले.

लितिया, तू तो संगणक पहिल्या दिवशी लावलास तेव्हा बदलांच्या नोंदवहीत तुझं नाव घातलंस आणि म्हणालीस, "तुमचं वेगळं करून देते नंतर." ते आपण केलंच नाही. त्या यंत्रावर बसून कोणीही काहीही बदललं तरी ते लितिया नाईवालुरुआच्या नावावर जातं. बसणारी माणसं दोनच होती.

त्या रविवारी बाहेर वारा होता आणि रेडिओच्या खोलीत मी एकटीच. पुढच्या बुधवारच्या खणाचं पान मी आधीच उघडलं होतं. झिप. नाव वाचूनच मला हसू आलं, कारण दुकानात पावसाळी कोटांच्या चेनी मी हजारो वेळा बदलून दिल्यात. दोन याद्या घ्यायच्या, इकडचा एक दात, तिकडचा एक दात, खटाखट जोडत जायचं. तुझ्या चौदा ओळींचं काम एका ओळीत! मला जो आनंद झाला तो मी तुला कसा सांगू. एकसष्टाव्या वर्षी मला स्वतःहून, कोणी न दाखवता, बरोबर खण सापडला होता. मी तुझ्या ओळी काढल्या. ती टीपही काढली. एक ओळ लिहिली आणि मग, तुझा नियम आठवून, मोडूनही बघितलं: सातव्या बोटीच्या जागी रेघ मारली. सातवी लाल झाली. मी अकरावी मोडली. अकरावी लाल झाली. मी मनात म्हटलं, बुधवारी लितियाला दाखवू, ती उडी मारेल. आणि दिवा बंद करून घरी गेले.

पान मी अर्धंच वाचलं होतं. पुढे दोन परिच्छेदांवर लिहिलं आहे की एक यादी आखूड असेल तर झिप आखूड यादी संपते तिथे थांबते, आणि दुसऱ्या यादीतलं जे उरतं त्याच्याबद्दल काहीही बोलत नाही. तसं नको असेल तर एक शब्द जास्त लिहायचा, मग याद्या सारख्या नसल्या की ती ओरडून बंद पडते. एक शब्द. आणि शेजारच्याच खणात तिची बहीण आहे, लांब यादीच्या शेवटापर्यंत जाणारी. दोन्ही तिथेच होतं. आता मला ते पान पाठ आहे.

मधल्या बोटीसाठी बेव्हिन रेघ मारतो, कारण पुढची बोट टंकायची असते. शेवटच्या बोटीनंतर पुढचं कोणी नसतं. ती बोलली नाही तर तो काहीच टंकत नाही, उठतो. तू एक आठवडा त्याच्या मागे उभी राहून हे पाहिलं होतंस आणि म्हणून चौदा ओळी लिहिल्या होत्यास. मी त्याला वीस वर्षं ओळखते आणि मला हे माहीत नव्हतं. सोमवारी नावं तेवीस होती आणि ठिकाणं बावीस. झिप बाविसाव्याशी थांबली. रॉयसची बोट हिरवी झाली नाही, लाल झाली नाही. ती यादीत नव्हतीच.

मंगळवारी सकाळची पाळी माझी होती. मी यादी वाचत गेले. एकेक बोट बोलत होती, कोणी थंडीबद्दल, कोणी आमिषाबद्दल. शेवटी मी म्हटलं, "नॉर्मा डी, नॉर्मा डी, पेंडर्स कोव्ह." खरखर. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, "रॉयस, ऊठ रे आळशा." मग लाल नाव बघायला मान वर केली. पडद्यावर लाल काही नव्हतं. मी वरून खाली मोजलं. बावीस. मला वाटलं पडदा खाली सरकवायचा राहिलाय, म्हणून मी सरकवायला गेले, पण खाली काहीच नव्हतं. मी सोमवार संध्याकाळची हजेरी उघडली. तिथेही बावीस. सात एकेचाळीसला मी बचावदलाला फोन केला आणि त्या मुलीने विचारलं, "शेवटचा संपर्क कधी?" मी म्हटलं, "काल सकाळी." ती म्हणाली, "आणि काल संध्याकाळी?" मी म्हटलं, "काल संध्याकाळी तो नव्हता." ती म्हणाली, "म्हणजे?"

हेलिकॉप्टर निघाल्याचं कळलं तेव्हा आठ वाजून गेले होते. मी त्या खुर्चीत बसून होते. माझा भाऊ कुठेतरी होता किंवा नव्हता. आठ एकोणीसला फोन वाजला म्हणून मी झडप घातली, तर तुझा निरोप. तू बसमध्ये होतीस, नऊच्या मुलाखतीला निघालेली, आणि तुझ्या पायांचा फोटो पाठवला होतास: "आंटी, हे बूट चालतील ना? की फार शाळेतल्यासारखे दिसतात?" मी उत्तर दिलं, "चालतील." मग फोन ठेवला आणि कळफलक ओढून ती एक ओळ काढली आणि नोंदवहीतून तुझ्या चौदा ओळी परत आणल्या. स्वतःला सांगितलं, अजून बावीस बोटी पाण्यात आहेत, त्यांच्यासाठी हे आत्ताच्या आत्ता करायला हवं. ते खोटं नव्हतं. पण मला ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर नको होती, हेही खरं होतं, आणि कदाचित तेच आधी खरं होतं. ती दुरुस्ती कोणाच्या नावावर जाते आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. साडेनऊला रॉयस सापडला. त्यानंतर माझ्या मनात आलं.

समितीनंतर गाड्यांच्या तळावर मी तुझ्यामागे धावले. तू बसची वाट बघत होतीस, तेच बूट घालून. मी तोंड उघडलं. तू मला बोलू दिलं नाहीस. म्हणालीस, "आंटी, घरी जा. गारठा आहे. तुमच्या भावाला तुमची गरज आहे." आणि बसमध्ये चढलीस. त्या क्षणी मला कळलं की तुला पहिल्यापासून माहीत आहे. आठ वीसला तू कुठे होतीस हे तुझ्याशिवाय फक्त मला माहीत होतं, आणि तू ते समितीला सांगितलं नाहीस. तुझी आई तिकडे तुमच्या गावाहून, सावुसावूहून, फोनवर नेहमी विचारते ना, "ती आंटी तुझं नीट बघते ना?" मी तुझं कसं बघितलं ते मी बघितलंय.

नऊ आठवडे मी कारणं जमवली. रॉयसला धक्का बसेल. नेरिडा तोंड बघणार नाही. तू तरुण आहेस, तुला दुसरं काहीतरी मिळेल. यातलं शेवटचं कारण मी खरंच, शब्दाशब्दाने, मनात म्हटलं होतं. म्हणून लिहिते.

परवाच्या रविवारी नेरिडा बाहेर गेली असताना मी रॉयसकडे गेले. तो व्हरांड्यात पिंजऱ्याची जाळी ओवत होता, एका हाताने आणि दातांनी. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्याने जाळीची एक गाठ दातांनी ओढली. मग विचारलं, "किती ओळी होत्या तिच्या?" म्हटलं, "चौदा." "आणि तू किती केल्यास?" "एक." तो हसला, एकदाच, खोकल्यासारखा. "दुकानातही तू अशीच होतीस, मेझ. कपाटं सुंदर लावायचीस आणि मग माणसाला स्क्रू सापडायचा नाही." मी म्हटलं, "रॉयस, शिवी दे, काहीतरी बोल." तेव्हा त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, "साडेचारला बोट उलटली. संकटाची हाक देणारा बीकन केबिनमध्ये अडकून तिच्याबरोबर गेला. मी तराफ्यात चढलो आणि म्हटलं, घाबरायचं नाही, सहाला बेव्हिन माझं नाव घेईल. घड्याळ चालू होतं. सहा वाजले. म्हटलं, आता घेतलं. सव्वासहा, आता लाल झालो. साडेसहा, आता पुन्हा पुकारलं असेल. पावणेसात, आता फोन गेला. आठ वाजेपर्यंत हेलिकॉप्टर यायला हवं होतं. मी आवाज ऐकत बसलो, मेझ. दहापर्यंत मी तुमच्यावर चिडलो नव्हतो. म्हटलं, वारा असेल." मी तिथेच पायरीवर बसले. तो म्हणाला, "तुझ्याशी मी कधी नीट बोलेन ते मला आज माहीत नाही. नेरिडाला मी सांगणार नाही, तू सांगायचंस. पण तिच्या आधी त्या पोरीला सांग. ती नऊ आठवडे माझ्यापायी शिव्या खातेय." पुन्हा सुई उचलून म्हणाला, "आणि जाताना फाटक लाव, कुत्रा बाहेर जातो."

साडेनऊ वाजत आले. दहाला मी नेरिडाकडे जाणार आहे. तिथून अध्यक्षबाईंना फोन करणार आहे. पण मी स्वतःला ओळखते. तिसऱ्या रांगेत बसून मी एकदा गप्प राहिले आहे, आणि नेरिडाने पुन्हा हात धरला तर पुन्हा राहीन. शिवाय गुरुवारी तुला विचारतील तेव्हा तू पुन्हा म्हणशील, "नाव माझं आहे," याची मला तितकीच भीती वाटते. म्हणून हे पत्र मी यंत्रावर लिहिलं नाही. त्या खोलीत मी जे जे केलं ते तुझ्या नावाखाली गेलं. हे माझ्या अक्षरात आहे, आणि माझं अक्षर या गावात सगळे ओळखतात, तीस वर्षं त्यांच्या पावत्या मीच फाडल्यात. रविवारची ओळ, टीप पुसणं, मंगळवारचे आठ वीस, सगळं वार-वेळांसकट वर आहे. अध्यक्षबाईंना एकही प्रश्न विचारावा लागू नये, म्हणून तुला माहीत असलेलंही सगळं लिहिलं. आता ऐक. गुरुवारी मी हॉलमध्ये आले किंवा न आले, बोलले किंवा न बोलले, तू हे पत्र समितीपुढे ठेवायचंस, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावायचंस. मला वाचवायचं नाही. बेव्हिन दारात हॉर्न वाजवतोय. एकदा त्याच्या हातात दिलं की मला ते परत मागता येणार नाही. मागितलं तरी त्याला ऐकू जाणार नाही.

तुझीच,
आंटी

समितीच्या माहितीसाठी पूर्ण नाव: मेरिन एल्स्पेथ गॅरो. ती ओळ मी लिहिली.